सीनेकाठचं शिबिर आणि रात्रपाळी

दिवस पहिला, सोमवार

मे महिन्यात सोलापूरला कोण जातं? पुण्याच्या आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, निम्म्या लोकांनी मला हे विचारून झालं होतं. ज्याचं माहेर तिथं आहे तो जातो, हे माझं ठरलेलं उत्तर. चर्चच्या तरुण संघाच्या उन्हाळी शिबिराला आमच्याकडून २२ मुलं-मुली निघाली होती आणि त्यांच्यासोबत 'कुणीतरी मोठं माणूस हवं' म्हणून माझी वर्णी लागली.

खरं तर यंदा शिबिर होतंय की नाही अशीच अवस्था होती. गेल्या वर्षी ४ जुलैला अमेरिकेत टेक्सासमध्ये ग्वाडालुपे नदीला रातोरात पूर आला आणि काठावरच्या कॅम्प मिस्टिक या ख्रिस्ती मुलींच्या शिबिरातल्या २७ मुली आणि ताया वाहून गेल्या. मग सप्टेंबरात आमच्याच सोलापूरच्या सीना नदीला महापूर आला. लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. माढा, मोहोळ, करमाळ्यातल्या गावांत एनडीआरएफच्या बोटी फिरल्या. या दोन बातम्या पालकांच्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यात शिबिराची जागा सीनेच्या काठी. दोन आयांनी पोरांची नावं मागे घेतली. एकीने पाठवलं, पण मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, रात्री त्याच्याकडे एकदा बघत जा."

सकाळची इंद्रायणी पकडली. भिगवण गेल्यावर खिडकीतून उजनीचा फुगवटा दिसायला लागला. पाणी बरंच आत सरकलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, त्यावर बगळे. त्याच आईचा मुलगा म्हणाला, "मावशी, हे पाणी सोडलं की आपला कॅम्प बुडणार ना?" त्याच्या हातात वेफरचं पाकीट होतं, सूर मजेचा होता. मला नीट उत्तर आलं नाही. सोलापूरची लेक असून आलं नाही, याची जरा लाज वाटली.

स्टेशनात उतरलो तर फुफाटा. हवा नव्हेच ती, भट्टीचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. तिथून बसने विजयपूर रस्ता, वडकबाळला सीनेचा पूल, मग आत वळून सात-आठ किलोमीटर. पुलावरून पोरांनी नदी बघायला माना काढल्या आणि एकदम हशा पिकला. कारण नदी नव्हतीच. वाळू, वेडी बाभूळ, मध्ये दोन-तीन डबकी, त्यात म्हशी.

गावाचं नाव लिहीत नाही, लोकांनी आम्हाला जीव लावला, त्यांना उगाच चर्चेत कशाला ओढा. जागा अशी: उंचवट्यावर जिल्हा परिषदेची शाळा, तिथून उतरत जाणारं रान, खाली लिंबाची सहा-सात झाडं आणि त्यांच्या कडेने सीनेला मिळणारा एक ओढा, ठणठणीत कोरडा. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, "सलाम, सलाम" करत स्वागत केलं आणि कौतुकाने तंबू दाखवले. तंबू खाली, लिंबांच्या सावलीत. शाळेला पत्रा, रात्री दहापर्यंत तापतो. खाली वारं लागतं, बोअरचं पाणीही तिथंच. विचार चुकीचा नव्हता.

चुकीचं काय ते राखणदार अण्णांनी दाखवलं. ओढ्याच्या कडेला मोटारीची खोली आहे. तिच्या भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीला मातीची सरळ रेघ, वर चुना पांढरा, खाली तपकिरी. आणि बाभळीच्या शेंड्याला प्लास्टिकच्या पिशव्या, एक फाटकं पोतं, एक लहान मुलाचा सदरा.

"हे सप्टेंबरचं," अण्णा म्हणाले. "नदीचं पाणी हितवर. शाळेच्या पायरीला लागलं न्हाई. आमी समदे तिथंच हुतो, शेरडांसकट."

मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "बाई, मे महिना आहे. नदीत पाऊल भिजत नाही." तेही खरं होतं. रात्री आम्ही खालीच झोपलो. वारा छान होता. मला मात्र झोप लागली नाही, तो सदरा दिसत राहिला.

दिवस दुसरा, मंगळवार

आजचा शत्रू ऊन. दुपारी ४३ अंश. मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, मधला वेळ वर्गात, हे आम्ही न्याहारीलाच ठरवून टाकलं. आमच्या डॉक्टरताईंनी एक मोठा माठ साखर-मिठाच्या पाण्याचा करायला लावला: १ लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, अंदाजपंचे नाही. तरी दोघांना चक्कर आलीच. दोघेही पुण्याचे, दोघांनीही टोप्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या. सोलापूरची पोरं त्यांना "काय बे, वितळलालास का?" म्हणून चिडवत होती.

जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी आणि ताक. याहून जास्त लिहिलं तर विषय भरकटेल.

दुपारच्या सत्रात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आले. मंडळीतलेच. त्यांनी फळ्यावर खडूने दोन रेघा काढल्या, एक भीमा, एक सीना, आणि रेल्वेतला तो प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढला. उजनी भीमेवर आहे, सीनेवर नाही. धरणाचे ४१ दरवाजे उघडले तरी ते पाणी भीमेने पंढरपूरकडे जातं. भीमा-सीना जोडणाऱ्या बोगद्यातून सीनेत येतं ते सिंचनापुरतं. सीना उगम पावते अहिल्यानगरकडे, तिला भोगावतीसारख्या नद्या मिळतात, धाराशिवकडचं पाणी येतं. म्हणजे सोलापुरात लख्ख ऊन असतानाही सीनेला पूर येऊ शकतो. "पाऊस तिकडं, पूर इकडं," ते म्हणाले. "म्हणून आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही."

मग क्युसेक. हा शब्द आपण बातम्यांत रोज ऐकतो आणि मान डोलावतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. काका म्हणाले, सोलापूरकराला लिटर सांगू नये, टँकर सांगावा. १ लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला १० हजार लिटरचे २८३ टँकर तुमच्या समोरून जातात. सप्टेंबरात सीनेतला विसर्ग लाखाच्या पुढे होता. वर्गात एकदम शांतता. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या पोरांना तो हिशोब बरोबर लागला.

पूररेषाही त्यांनीच समजावल्या. नकाशावर निळी रेघ असते ती साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेघ १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. "शंभर वर्षांत एकदा म्हणजे आता नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असं नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता. लागोपाठ दोन वर्षंही येतो."

टेक्सासचा विषय एका मुलीनेच काढला. काकांनी घटना नीट सांगितली, घाबरवलं नाही. त्या रात्री नदी पाऊण तासात २६ फूट चढली. हवामान खात्याचा अचानक पुराचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला. म्हणजे इशारा होता. पण त्या वेळी माणसं झोपलेली असतात, डोंगरदऱ्यांत फोनला रेंज नसते. त्याच नदीवर मो-रँच नावाची प्रेसबिटेरियन मंडळीची जागा आहे. तिथे देखभाल बघणारा एक माणूस रात्री एकच्या सुमाराला जागा होता, त्याला पाणी चढताना दिसलं, त्याने साहेबांना उठवलं आणि नदीलगतच्या इमारतीत झोपलेली सुमारे ७० मुलं-माणसं वर हलवली. तिथे कुणीही दगावलं नाही.

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मग देवाने त्या मुलींना का नाही वाचवलं?"

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असल्यासारखं बोललो तर ते पाप होईल." एवढं बोलून ते उठले, बाह्या सरसावल्या आणि खाली जाऊन तंबूच्या खुंट्या उपटायला लागले. मी गेली वीस वर्षं प्रवचनं ऐकतेय, हे त्यातलं सगळ्यात लहान होतं.

संध्याकाळपर्यंत सगळा बाडबिस्तरा शाळेत. मुली दोन वर्गांत, मुलं दोन वर्गांत, उकाडा असह्य, कुरकुर भरपूर. सोलापुरी चादरींवर झोपायचं, अंगावर काही घ्यायचा प्रश्नच नाही.

मग रात्रपाळी ठरली. दोन-दोन तासांची, दर पाळीला दोघं, एक मोठं आणि एक पोरांपैकी. "गेथशेमाने बागेत येशू जागा असताना शिष्य झोपले, आपल्याला नको," असं म्हणत पाळकसाहेबांनी सगळ्यात वाईट पाळी, रात्री एक ते तीन, स्वतःकडे घेतली. पहारेकऱ्याच्या गळ्यात शिट्टी, हातात बॅटरी, फोन चार्ज केलेला, त्यात वीज कुठे पडतेय ते दाखवणारं दामिनी ॲप. आणि एक नियम, ज्यावर मी हट्ट धरला: शिट्टी फुंकायला कुणाची परवानगी लागणार नाही. सोळा वर्षांच्या पोरीला शंका आली तर तिने फुंकावी. खोटी निघाली तर कुणी हसायचं नाही.

शिट्टीच का? कारण शिबिरात मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी पोरं आहेत. संध्याकाळच्या गायनात तिन्ही भाषा छान रंगतात, पण मध्यरात्री "बाहेर या" आणि "बाहेर येऊ नका" यांतला फरक तीन भाषांत ओरडून सांगणं अवघड. एक लांब शिट्टी: जिथे आहात तिथे थांबा, मोजणी. तीन तुटक: गेटाबाहेर, मंदिराच्या चढावर.

सराव केला. पहिल्यांदा १९ मिनिटं लागली, त्यातली निम्मी चपला शोधण्यात. दुसऱ्यांदा सात.

दिवस तिसरा, बुधवार

सकाळीच हत्तरसंग कुडलला गेलो. भीमा आणि सीनेचा संगम इथे आहे आणि काठावर संगमेश्वराचं जुनं देऊळ. तुळईवरचा शिलालेख शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ मधला, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. शेवटच्या ओळीचा अर्थ असा की जो हे वाचील तो विजयी होईल. ख्रिस्ती पोरांची टोळी देवळात बघून पुजारी आधी चपापले, मग खुलले, बोट फिरवून अक्षरं दाखवली. आमची एक मुलगी तेलुगू माध्यमातली, तिला 'वा' लागला आणि ती उड्या मारायला लागली.

संगमावर पोरांना डुंबायचं होतं. नाही म्हटलं. पाणी कमरेएवढं दिसतं, पण वाळू उपसून पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. एका पावलावर कंबर, दुसऱ्यावर डोक्यावरून. अर्धा तास सगळे माझ्याशी अबोला धरून होते. चालायचंच.

काकांनी जाताना एक सांगितलं होतं ते इथे उभं राहिल्यावर कळलं. भीमा फुगलेली असली तर सीनेच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही, ते मागे तुंबतं. नदीचं पाणी उलटं चढतं, हे ऐकायला विचित्र वाटतं.

परतताना पश्चिमेला ढगांची कोबी फुललेली. वळीव.

दिवस चौथा, गुरुवार

हवामान खात्याचा सोलापूरसाठी पिवळा इशारा: मेघगर्जना, सोसाट्याचा वारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हाला. दुपारी घामाच्या धारा, पानही हलेना. अण्णांनी आभाळाकडे बघून फक्त "आज येतंय" म्हटलं. मी सहज विचारलं, नदीची भीती आहे का? त्यांनी मान हलवली. "नदी सांगून येती बाई. वढा न सांगता येतो."

संध्याकाळी पोरांना विजेचं गणित शिकवलं. वीज दिसली की मोजायला लागायचं. गडगडाट तीन सेकंदांनी आला तर ती साधारण १ किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आला तर आत पळायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही, नळाला हात नाही. मोजण्याचा त्यांनी खेळ केला. नऊ वाजता बावीस येत होते. साडेनऊला अकरा. मग खेळ थांबला.

दहाला वाऱ्याने स्वयंपाकाच्या शेडचा एक पत्रा उचलला आणि कागदासारखा रानात नेऊन टाकला. मग गारा. पत्र्याच्या छपराखाली ९६ पोरं आणि वरून गारा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वीज गेली. कुणीतरी गायला सुरुवात केली, आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता, ओठ तेवढे हलताना दिसत होते. बाराच्या सुमारास सगळं ओसरलं, गारवा आला, पोरं चार दिवसांत पहिल्यांदा मेल्यासारखी झोपली. मलाही डोळा लागला. हे कबूल करायला हवं, कारण पाळी माझी नव्हती आणि म्हणून मी निर्धास्त होते.

शिट्टी झाली ती १ वाजून ४० मिनिटांनी. एक लांब.

पाळीवर पाळकसाहेब आणि बारावीतली एक मुलगी. आमच्याकडे पाऊस थांबून दीड तास झाला होता. तिने आवाज ऐकला, "ट्रक चालल्यासारखा", पण रस्त्यावर उजेड नव्हता. पाळकसाहेब म्हणाले, वारा असेल. तिने बॅटरी खाली मारली आणि शिट्टी फुंकली. त्यांना विचारलं नाही.

खाली ओढा आला होता. वरच्या शिवारात कुठेतरी पाऊस जोरात झाला असणार. परवापर्यंत आमचे तंबू होते त्या लिंबाखालून गढूळ पाणी धावत होतं. गुडघाभर असेल, फार नाही. पण गुडघाभर धावत्या पाण्यात मोठा माणूसही उभा राहू शकत नाही, आणि पोरं तिथं जमिनीवर झोपलेली असती.

मोजणी सुरू झाली. मुली ५१. मुलं ४५. मोठी माणसं १४. एकूण ११०, यादीबरहुकूम. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी ओरडल्या, "बसवाले कुठायत?"

ड्रायव्हर आणि क्लीनर. बस खाली, ओढ्याच्या कडेला सावलीत लावलेली. दोघं तिथंच बसमध्ये झोपत होते, वारं लागतं म्हणून. आमच्या यादीत ते नव्हतेच. शिट्टीचा सराव त्यांनी लांबून विडी ओढत बघितला होता. यादी मीच केली होती.

अण्णा आणि दोन गडी दोर घेऊन वरच्या अंगाने उतरले. पाणी बसच्या चाकाच्या मध्याला लागलं होतं. क्लीनर पोरगा टपावर चढून बसलेला. ड्रायव्हरकाका मात्र स्टिअरिंगवर, गाडी चालू करून फरशी पुलावरून पलीकडे काढायच्या विचारात. गाडी मालकाची, नुकसान झालं तर पगारातून कापणार. पाटबंधारेवाल्या काकांनी मंगळवारी सांगितलं होतं की फूटभर वाहतं पाणी लहान मोटार तरंगवतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या नेतं. ते सत्र ड्रायव्हरकाकांनी ऐकलं नव्हतं, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. अण्णांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकली. भांडण आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. कानडीत होतं, अर्थ लागला नाही, पण लागला.

दोराला धरून दोघं वर आले तेव्हा अडीच वाजले होते. मावशींनी चहा टाकला. मोठं पातेलं वाहून गेलं होतं, म्हणून तीन हप्त्यांत.

दिवस पाचवा, शुक्रवार

सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं आणि ओढ्यात घोटाभर पाणी. पाच तासांत खेळ खलास. ज्याने रात्री बघितलं नाही त्याला खोटं वाटावं. सीना? तिच्यात डबकी होती त्याहून थोडी मोठी झाली होती, म्हशी तिथंच. अण्णांचं म्हणणं अक्षरशः खरं.

नऊपर्यंत फोनला रेंज नव्हती. आली तेव्हा पालकांचे संदेश धबाधबा पडले. मी प्रत्येकाला खरं लिहिलं, ओढ्यासकट, बससकट. एका वडिलांनी विचारलं, आधीच वरती का नव्हतं ठेवलं? त्यावर काय लिहिणार. "पहिली रात्र खालीच होतो" असं लिहिलं.

शेवटच्या बैठकीत पाटबंधारेवाल्या काकांनी फोनवरून एक माहिती दिली: टेक्सासात सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा झाला, पूरक्षेत्रातल्या खोल्यांत शिबिराची मुलं झोपवायची नाहीत आणि प्रत्येक शिबिराकडे आणीबाणीची लेखी योजना हवी. त्याच महिन्यात आमची मोटारीची खोली बुडाली होती. आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येईल. तोवर पाळकसाहेबांनी वहीत लिहून घेतलं: जागा ठरवायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याची खूण विचारणे, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत, शिट्ट्या आणखी सहा. त्या बारावीतल्या मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी वारा म्हणालो होतो." ती लाजून लाल.

बसच्या इंजिनात गाळ गेला होता. दुसरी गाडी सोलापुरातून यायला दुपार झाली, आमची रेल्वे चुकली, संध्याकाळच्या एसटीने जायचं ठरलं. पोरांना चिखलात लंगडी खेळायला तीन तास जास्त मिळाले, ती खूश.

निघताना हजेरी घेतली त्या मुलीनेच, नव्या यादीवरून. एकशे तेरा नावं: शंभर आणि दहा आमची, मग अण्णा, क्लीनर, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरकाका. ते तेव्हा बसच्या चाकातला गाळ काटकीने खरवडत बसले होते. स्वतःचं नाव ऐकून त्यांनी वर बघितलं. 'हजर' म्हणायचं त्यांना सुचलं नाही. काटकी धरलेला हात तेवढा वर केला.